भिंतीपलीकडचा बासमती

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, वनमालाआक्कांना, सगळं न मागता मिळतं. लग्नात शालू कसला हवा हे त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तरी त्यांना जो आला तो अजून पेटीबाहेर निघाला की बायका हात लावून बघतात. माझा मी स्वतः बीडला जाऊन, दुकानदाराला वरचे सगळे कप्पे उतरवायला लावून घेतला. त्याची जर केव्हाच काळी पडली.

त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दिवसा दुकान, संध्याकाळी स्वयंपाक. घर झोपलं की मगच लिहायला बसता येतं, आणि तेव्हाही मी मध्ये मध्ये उठून झोपलेल्या लेकीच्या, योगूच्या, गळ्याला हात लावून येते, ताप नाही ना बघायला. ताप नसतो. तरी बघते.

आक्का केज तालुक्यातल्या. दहावीत गणितानं अडवलं, मामानं स्थळ आणलं आणि त्या तलवाड्यात आल्या. मी तेव्हा अंबाजोगाईला शाळेत होते. आक्का म्हणजे अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत बाई. पहार माझ्या हातात दिली तर मी तिच्यासकट खाली बसेन, आक्का ती काठीसारखी उचलतात. सकाळी मिसरी लावून होईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत, आणि नंतर थांबत नाहीत. घरातली कुठलीही वस्तू टाकत नाहीत. फुटक्या बादलीत कोथिंबीर, मोडक्या छत्रीच्या काड्यांवर दोडक्याचा वेल, बंद पडलेल्या टीव्हीच्या खोक्यात अंड्यांवर बसलेली कोंबडी.

"टाकायचं कावून?" म्हणतात. "पडंल कशाच्या तरी उपयोगी."

त्यांना मूल झालं नाही. बीडचे डॉक्टर झाले, अंबाजोगाईचे झाले, नारायणगडाला नवस बोलून झाला. एका दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्या एका पिशवीत भरल्या, पिशवी माळ्यावर फेकली आणि म्हणाल्या, "आता बास. लई झालं." त्यानंतर त्या विषयावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या घेत नाहीत याचाही मला रागच येतो.

आमच्याकडं वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे वाटे घालणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. सासरे सुंदरराव गेल्यावर मोठे भाऊजी, तानाजी, यांनी घराचे दोन वाटे घातले. एक पुढचा रस्त्याकडचा, एक मागचा परसाचा. माझे मिस्टर अमरसिंह यांनी मला विचारलं. मी बी.ए. झालेली, चार गोष्टी कळतात असा समज. मी म्हटलं, रस्त्याकडचा. कुणीही तेच म्हटलं असतं. पुढं शटर बसलं, कृषी सेवा केंद्र सुरू झालं, खताच्या हंगामात गिऱ्हाईक पायऱ्यांवर बसून राहतं. मागं काय होतं? दोन खोल्या, एक आंबा, एक शेवगा, पडक्या गोठ्याची भिंत आणि उकिरडा.

मध्ये विटांची भिंत घातली. सासूबाई वच्छलाबाई तेव्हा होत्या. एक महिना इकडं जेवायच्या, एक महिना तिकडं, म्हणून भिंतीत त्यांच्यापुरतं एक बुटकं दार ठेवलं. दोघी सुनांना त्यांनी एकच ताकीद दिली होती. चुली वेगळ्या झाल्या, आता एकमेकींच्या पातेल्यात बघायचं नाही, काय शिजवलं हे विचारायचंही नाही. भांडणं तिथूनच सुरू होतात, म्हणायच्या. सासूबाई गेल्या. दार राहिलं, ताकीदही राहिली.

त्या दारातून आता माझी मुलगी जाते.

योगेश्वरी, म्हणजे आमची योगू, तिसरीत आहे. माझं माहेर अंबाजोगाईचं, म्हणून देवीचं नाव. मी तिला विचारलं, शाळेत काय झालं, की म्हणते, "काही नाही." तीच दारातून पलीकडं गेली की भिंतीवरून मला सगळी शाळा ऐकू येते. कुणाच्या दप्तरात पाल निघाली, कुठल्या बाईंची चप्पल तुटली, कोण कोणाशी कट्टी. मला मम्मी म्हणते आणि त्यांना मोठी आई. आमच्याकडं मोठ्या चुलतीला सगळेच मोठी आई म्हणतात, त्यात काही नवल नाही. पण ती हाक मारताना तिचा आवाज निराळा लागतो. संध्याकाळी मी दुकानाच्या गल्ल्यावर असते, मिस्टर शेताकडं असतात, आणि तो आवाज मागून येत राहतो. कीटकनाशकाच्या बाटलीवरची तारीख वाचता वाचता मी तो ऐकत असते.

गेल्या माघात आक्कांनी परसात सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणायला घेतला. गडी येणार होता, पण वाट बघणं त्यांच्या स्वभावात नाही. पहार दगडावर आपटली. दगड फोडायला गेल्या तर तो घडीव निघाला, गोल, चांगला जातं ठेवावं एवढा. भाऊजींनी आणि मिस्टरांनी मिळून तो सरकवला. खाली पेव होतं. पूर्वी ज्वारी जमिनीत साठवायचे तो खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. असल्या बंद पेवात वाईट हवा असते, माणूस उतरला की वर येत नाही. म्हणून दिवसभर तोंड उघडं ठेवलं आणि मग बादलीत कंदील लावून आत सोडला. तो विझला नाही तेव्हा भाऊजी दोर धरून उतरले. पेव निम्मं मातीनं भरलं होतं, आणि गोठ्याच्या बाजूची कड धसून तिथं वर निघणारं उताराचं बीळ पडलं होतं.

सगळी आळी गोळा झाली. तांब्याचं घंगाळ आलं, बुडाला चेंबलेलं. पितळेचं शेराचं माप आलं. मग एक लोखंडी दिवटी, हिरव्या काचेची अत्तराची कुपी, मातीची चिलीम आणि बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ. माळेचं कातडं कुजलेलं, घुंगरं शाबूत. प्रत्येक वस्तू वर आली की बायका "अगं बाई" म्हणायच्या आणि आक्कांकडं बघायच्या. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी पुढच्या वाट्याची.

मी म्हटलं, "आक्का, पेव तर सगळ्या घराचं होतं. वाटणीच्या आधीचं."

"मंग?" आक्का हसल्या. "मी काय हंड्यावर नाग होऊन बसले का? घालते की वाटे."

तिथंच मातीत त्यांनी दोन ढीग केले. एकात घंगाळ आणि माप, दुसऱ्यात बाकी सगळी मोडतोड. मला विचार करायला वेळ लागला नाही.

"उचल बाई," त्या म्हणाल्या, "तुझ्या दुकानात शोभंल."

घंगाळ माझ्या हॉलमध्ये टीव्हीखाली आहे. त्यात रिमोट आणि विजेची बिलं असतात. घुंगरं आक्कांनी चिंचेनं घासली, सुतळीत ओवली आणि योगूच्या कमरेला बांधली. त्या दिवसापासून पोरगी इकडं झोपायला आणि अभ्यासाला तेवढी येऊ लागली.

होळीच्या सुमारास वास सुरू झाला.

दिवे लागायची वेळ झाली की भिंतीपलीकडून बासमती शिजल्याचा वास यायचा. असातसा नाही, झाकण काढल्याबरोबर येतो तसला, गरम आणि गोड. आमच्याकडं रोज ज्वारीची भाकरी. भात असतो तो साधा आणि वाटीभर. बासमती म्हणजे पाहुणे, नाहीतर कुणाचं लग्न. आणि पलीकडं तो रोज! योगू त्या वेळी तिकडंच असायची. परत आली की मी ताट वाढायची आणि ती म्हणायची, "मी मोठ्या आईकडं जेवले." फार आग्रह केला तर ताट हातात घेऊन, "नंतर खाते," म्हणत दाराकडं जायची. रिकामं ताट परत यायचं.

मी काही बोलले नाही. सासूबाईंची ताकीद होती, आणि विचारणं म्हणजे आपल्याला वास खुपतो हे कबूल करणं. मी गेवराईहून बासमती आणला. लवंग, तमालपत्र घालून शिजवला, दारं उघडी टाकून. योगूनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "पोट भरलंय." त्या रात्री मिस्टरांनी तिसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाले, "रोज कर की." मला रडू आलं, त्यांना वाटलं कांदा.

वैशाखात योगूचा फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. जिना चढताना धाप लागायची. गेवराईच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या उलट्या करून बघितल्या, रक्त तपासलं. अंगात रक्त कमी आहे, म्हणाले. अंडी, केळी, खजूर सुरू करा. मी सुरू केलं. खजुराच्या बिया काढून वाटीत भरायची, अंडं सोलून द्यायची. वाटी रिकामी यायची आणि पोरगी वाळतच चालली. मला हागवणीपासून क्षयापर्यंत सगळे रोग सुचले. शेवटी एकच गोष्ट मनात बसली. आक्का तिचं पोट पांढऱ्या भातानं भरतात, म्हणून माझं दिलेलं अंगी लागत नाही. मुलगी माझी, आणि ती तिकडं जेवून माझ्या डोळ्यांदेखत झिजते आहे.

मी ते दार बुजवायचं ठरवलं. नाथा गवंड्याला सांगितलं, विटा येऊन पडल्या.

मिस्टर म्हणाले, "वहिनीला काय सांगायचं?"

"सांगायचं काय त्यात? भिंत आपली पण आहे."

"तिला दुसरं कोण आहे गं?" ते म्हणाले.

"मला तरी दुसरं कोण आहे?" मी म्हटलं.

नाथा दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या संध्याकाळी वास असा सुटला की गिऱ्हाईकसुद्धा म्हणालं, "वहिनी, आज पाहुणे काय?" मी गल्ला बंद केला, वाकून दारातून गेले आणि थेट आक्कांच्या चुलीपुढं उभी राहिले. त्या भाकरी थापत होत्या.

"आक्का, रोज बासमती शिजवायला परवडतो कसा तुम्हाला?"

"कुणाला?"

"वास येतो ना. होळीपासून येतोय. लेकराच्या अंगात रक्त नाही आणि तुम्ही तिला भात चारता. माझ्याकडं जेवू नये म्हणून."

आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग माझ्याकडं बघितलं. "सत्यशीला, ऊन लागलं का तुला? बासमती तर तू शिजवतीस. म्या म्हनलं, दुकान चांगलं चाललंय, खाऊ दे. पर एक दिस वाटीभर धाडावा का न्हाई? सणाला तरी? मी काय परकी हाय?"

"मी कुठं शिजवते? एकदाच शिजवला!"

"खोटं कशाला बोलतीस? वास तुझ्याकडल्या अंगानं येतो. आन योगू सोता सांगती, मम्मीनं लई जेवू घातलंय, मला नगं. मी दिलेली भाकरी हातात घेऊन जाती. म्हनती, नंतर खाते."

त्या उठल्या आणि सासूबाईंची ताकीद मोडून पातेल्यावरचं झाकण काढलं. आत शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. दुसरं पातेलं नव्हतं.

आम्ही दोघी त्या आमटीकडं बघत राहिलो. तव्यावर भाकरी करपायला लागली तरी आक्का वळल्या नाहीत.

"योगू कुठाय?" मी विचारलं.

"तुझ्याकडं जेवाया गेली न्हवं?"

"ती तुमच्याकडं जेवायला आली आहे."

परसाच्या टोकाकडून घुंगरं वाजली.

गोठ्याच्या पडक्या भिंतीपाशी, बिळाच्या तोंडावर टाकलेल्या पत्र्याचा एक कोपरा उचलून योगू उकिडवी बसली होती. बासमतीचा वास तिथं इतका दाट होता की तोंडात आल्यासारखा वाटत होता. तिच्या पुढ्यात माझी स्टीलची वाटी, वाटीत बिया काढलेले खजूर. बाजूला आक्कांची भाकरी, दुधात कुस्करलेली. आणि बिळातून एक तोंड बाहेर आलेलं, लांबोडकं, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखं काळं. ते योगूच्या बोटांतून सोललेलं अंडं घेत होतं. त्याच्यामागं तीन लहान तोंडं हलत होती.

"मसण्याऊद!" आक्का ओरडल्या. "आगं मढी उकरून खातंय ते! सर मागं!"

"मोठी आई, हळू!" योगू वळली. "ती घाबरते."

मी तिला बखोटीला धरून उचललं. ते जनावर फिस्कारलं आणि बिळात मागं सरलं. योगूला उचलताना मला जोर लावावा लागला नाही, एवढी ती हलकी होती.

नंतर मोबाईलवर बघितलं. उदमांजर. मढी वगैरे काही उकरत नाही, फळं, उंदीर, अंडी खातं. आणि त्याच्या अंगाचा वास शिजलेल्या बासमतीसारखा येतो असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. मी आक्कांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आन आपन दोघी येकमेकीच्या नावानं बोटं मोडतोय."

पण ते नंतर. त्या वेळी आक्कांच्या ओट्यावर योगूला मध्ये बसवून आम्ही दोन्ही बाजूंनी विचारत होतो.

"कधीपासून देतेस?"

"होळीपासून."

"मग तू कुठं जेवत होतीस?"

"शाळेत. खिचडी."

"आणि सुट्टी लागल्यावर?"

तिनं आंब्याकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "कैऱ्या. कधी अर्धी भाकरी. अर्धी तिला."

"अगं पण का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मला दोन घरी जेवायला असतं," योगू म्हणाली. "तिला एकपण घर देत नाही. आणि तिला तीन पिल्लं आहेत."

पुढचं माझ्या तोंडातच होतं, पण आक्कांनी आधी विचारलं. "मला का न्हाई सांगितलंस, बाय? रोज तर सगळं सांगतीस."

"तू दगड मारला असता. मम्मीनं फोन करून कुणाला तरी बोलावलं असतं."

दोन्ही खरं होतं. आक्कांनी पदर तोंडाला लावला, पण हसायला नाही. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून असा कधी बघितला नव्हता. आणि त्या क्षणी मला आधी काय वाटलं ते लिहायला हवं. मला बरं वाटलं. तिनं मला सांगितलं नव्हतं, पण त्यांनाही नव्हतं. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा आम्ही दोघी एका पायरीवर आलो होतो. मग माझं लक्ष योगूच्या गळ्याखालच्या हाडांकडं गेलं, ती फ्रॉकच्या गळ्यातून वर आली होती, आणि ते बरं वाटणं तिथंच संपलं. ती दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये उपाशी राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींना एक साधा प्रश्न विचारला असता, आज काय खाल्लं गं पोरीनं, तर होळीच्या आठवड्यातच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी नाथा आला. मी त्याला दाराकडं नेलं नाही, परसात नेलं. त्या विटांनी त्यानं पेवाच्या तोंडाला कट्टा बांधला, पोरंबाळं पडू नयेत म्हणून. बिळाला हात लावायचा नाही असं आक्कांनी त्याला बजावलं. मसण्याऊदाला त्या अजून भितात, तरी एक अंडं पत्र्यापाशी ठेवून पळत परत येत होत्या. पण आमच्या त्या गोंधळानं उदमांजराचा विश्वास उडाला असावा. दोन-चार दिवसांत त्यानं पिल्लं एकेक करून दातांत धरून कुठंतरी हलवली. वास बंद झाला. योगू रडली, आणि रडायला पलीकडं गेली. भिंतीवरून मी ऐकत होते. "मम्मी ओरडली म्हणून गेली ती," योगू म्हणत होती. "आगं, ओरडले तर मी," आक्का म्हणाल्या. "तुझी मम्मी तर नुसती उभी हुती." त्यांनी माझी बाजू घेतली हेही मला भिंतीआडून ऐकावं लागलं.

गेवराईला पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा आक्का न विचारता जीपमध्ये येऊन बसल्या. शालूच्या पेटीतलं लुगडं नेसून, जणू लग्नाला. डॉक्टरांनी आम्हा दोघींकडं बघितलं आणि म्हणाले, "औषधं कमी, पहारा जास्त. रोज कुणीतरी हिच्या समोर बसायचं. शेवटचा घास पोटात गेल्याशिवाय उठायचं नाही."

परतीच्या जीपमध्ये दाटीवाटी होती. योगू माझ्या मांडीवर बसली आणि आक्कांच्या खांद्यावर मान टाकून झोपली. आक्कांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "सत्यशीला, तूच बसत जा समोर. दोन्ही वेळा. माझ्यापुढं तिनं डोळ्यांत पानी आनलं की मी म्हनते, जा बाय, ऊठ. मला न्हाई जमायचं."

त्यांनी ते असं सहज म्हटलं, जशी कुणाला हातातली पिशवी द्यावी. मी खूष व्हायला हवं होतं. उलट माझ्या मनात आलं, हेही त्याच देणार आणि मी घेणार. शिवाय गावात सगळे म्हणणार, बघा वनमालाचं मन.

"सकाळची न्याहारी तुम्ही बघा," मी म्हटलं. "मला दुकान उघडायचं असतं. संध्याकाळचं मी बघते."

दुकानाचं खरंच होतं. पण योगू सकाळी कुणाशी बोलत नाही. तोंड फुगवून बसते, दुधाचा पेला ढकलते, वेणी घालताना रडते. जे काही बोलायचं ते ती दिवस मावळताना बोलते. संध्याकाळ मी माझ्याकडं ठेवून घेतली.

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाल्या. "सकाळ तर सकाळ." आणि योगूची मान खांद्यावर नीट घेतली.

दुसऱ्या दिवशी मी तिला उठवून, तोंड धुऊन, दारातून पलीकडं पाठवलं. ती पाय ओढत गेली. मी पुढं येऊन दुकानाचं शटर वर करायला लागले. ते निम्मं वर गेलं असेल, तेवढ्यात मागून योगूचं हसणं आलं. तोंडात मोठा घास असताना आवरत नाही तसलं हसणं. मागोमाग आक्कांचा आवाज, "आदी गिळ, मंग हास!" मी शटर तसंच निम्म्यावर धरून उभी राहिले.